दोघांचं गाणं आणि वगळलेले म-नी

जपानी शिकायला घेतलं की पहिली ठेच माणसं मोजताना लागते. पेन्सिलीसारख्या लांबट वस्तू मोजायला एक शेपूट, कागदासारख्या चपट्या वस्तूंना दुसरं, आणि माणसांना ‘निन’. सान्निन म्हणजे तीन जण, योनिन म्हणजे चार जण. पण एक आणि दोन माणसं या नियमाला जुमानत नाहीत. एक माणूस म्हणजे ‘हितोरी’, दोन माणसं म्हणजे ‘फुतारी’. पुण्यातल्या आमच्या वर्गात यावर कुरकुर सुरू झाली, तेव्हा सेन्सेई (होत्या अस्सल सदाशिव पेठेतल्या, पण वर्गात सेन्सेईच म्हणायचं) म्हणाल्या, “घरी कोण कोण असतं असं विचारलं तर ‘आम्ही दोन माणसं’ असं सांगता, की ‘आम्ही दोघंच’ असं?” वर्ग गप्प. एकटा, दोघं, तिघं, चौघं. आपल्याकडे तरी माणसांची मोजणी कुठे सरळ आहे? आणि हितोरीचा अर्थ ‘एकटा’ असाही होतो, अगदी आपल्यासारखाच.

मग त्यांनी एक गाणं ऐकवलं. एक मुलगी, एक मुलगा, सोबत गिटार, आणि थोड्या थोड्या वेळाने परत येणारा तो शब्द, फुतारी. गाण्याचं नाव ‘आरु हि तोत्सुझेन’, म्हणजे ‘एके दिवशी अचानक’. साल १९६९. गाणाऱ्या जोडीचं नाव ‘तोवा ए मोवा’. हे फ्रेंच शब्द जपानी तोंडातून आले की असे होतात. अर्थ, ‘तू आणि मी’.

ही जोडी म्हणजे यामामुरो एमिको आणि आकुतागावा सुमिओ. एमिको पुढे लग्नानंतरच्या शिरातोरी या आडनावाने जास्त ओळखल्या गेल्या. १९६९ ते १९७३ एवढीच यांची पहिली खेळी, पण त्यातली तीन गाणी जपानमध्ये आजही लोकांना पाठ आहेत. कानाला ही गाणी इतकी सोपी लागतात की त्यात समजावून सांगण्यासारखं काय, असं वाटावं. मलाही वाटलं होतं. पेटीवर वाजवून बघितल्यावर कळलं की गंमत सोपेपणाच्या आत दडलेली आहे.

सुरुवात भाषेपासून करू. ‘एके दिवशी अचानक’ची गोष्ट चार वाक्यांची आहे. सतत बडबड करणारे दोघं मित्र एक दिवस एकाएकी गप्प होतात. मग एकमेकांच्या डोळ्यांत बघतात. मग त्यांच्यात असलेली भिंत ओलांडून जवळ येतात. मैत्री होतीच, पण ती तेवढीच नव्हती, हे दोघांनाही त्याच क्षणी उमगतं. संपलं.

आता हे मराठी युगुलगीत म्हणून लिहायला बसा. लगेच अडचण येते. ‘मला ठाऊक होतं’ इथपर्यंत ठीक आहे, पण ‘मी वाट बघत होते’ म्हटलं की ती बाई झाली आणि ‘होतो’ म्हटलं की तो पुरुष. आपलं क्रियापद बहुतेक वेळा गाणाऱ्याचं लिंग लपवू देत नाही. त्यामुळे आपल्या युगुलगीतांचा साचा बहुतेक वेळा संवादाचा: एक कडवं त्याचं, एक तिचं, आणि एकत्र गायचं तर ‘आपण’ किंवा ‘दोघं’ आणून अनेकवचनात जायचं. जपानी क्रियापदाला लिंगही नाही आणि वचनही नाही. ‘माचिमाशिता’ म्हणजे वाट बघितली. कोणी, कितीजणांनी, हे वाक्यात सांगायची सक्तीच नाही. कर्ता तर बोलताना सर्रास गाळतात. म्हणून एकच ओळ ती म्हणू शकते, तो म्हणू शकतो, दोघं मिळून म्हणू शकतात, आणि व्याकरण कुठेही हरकत घेत नाही.

जपानीत बायकी-पुरुषी बोलण्याचा फरक नसतो असं मात्र नाही. वाक्याच्या शेवटी लागणारे छोटे छोटे अव्ययासारखे शब्द असतात, त्यातले काही मुलींच्या तोंडी शोभतात असं मानलं जाई. ‘मी’साठीही वेगवेगळे शब्द आहेत; ‘बोकु’ हा मुलांचा. ‘एके दिवशी अचानक’मधली वाक्यांची शेपटं बायकी वळणाची आहेत, तरी ती सुमिओच्या आवाजातही खटकत नाहीत. उलट त्यांच्या ऑलिम्पिकच्या गाण्यात ‘आम्ही’साठी ‘बोकुरा’ आहे, म्हणजे पोरांचं ‘आम्ही’, आणि एमिको ते निवांतपणे गातात. रंग असतो, पण तो पुसट. नाव ‘तू आणि मी’ असलं तरी ऐकताना तू कोण आणि मी कोण हे वेगळं काढता येत नाही.

हेच सुरांच्या बाबतीतही होतं, आणि मला खरं सांगायचंय ते इथे आहे.

आपण एकत्र गातो तेव्हा काय करतो? भजनी मंडळ आठवा. बुवांनी ओळ टाकली की टाळकरी तीच ओळ, त्याच सुरात उचलतात. बायका-पुरुष एकत्र असले तर एक सप्तक वर-खाली, पण सूर तोच. शाळेतलं समूहगीतही तसंच. आपल्या कानाला ‘सुरात सूर मिळणं’ म्हणजे एकच सूर होणं. दोघांनी एकाच वेळी दोन वेगळे सूर लावले तर आपल्याकडचा जुनाजाणता माणूस म्हणेल, एकजण बेसूर आहे.

हार्मनी म्हणजे नेमकं तेच मुद्दाम आणि हिशेबाने करणं. घरी पेटी असेल तर काढा. पांढरी एक दाबा, तो आपला सा. ती सोडू नका, आणि सोबत पांढरी तीन दाबा, म्हणजे गंधार. दोन सूर एकाच वेळी वाजतायत, पण भांडत नाहीत. उलट काहीतरी भरल्यासारखं, गोल वाटतं. तानपुरा चांगला लागला असेल तर खर्जाच्या तारेतून न वाजवलेला गंधार आपोआप ऐकू येतो, असं गाणारे सांगतात ना? तोच हा शेजार. आता पांढरी एक आणि दोन एकत्र दाबून बघा. कुरकुरतंय. म्हणजे कुठलेही दोन सूर चालत नाहीत. मध्ये एक पट्टी सोडून बसलेले सूर चांगले शेजारी असतात. एका गायकाने चाल म्हणायची आणि दुसऱ्याने सतत एक पट्टी सोडून वरून किंवा खालून चालायचं, ही हार्मनीची सगळ्यात सोपी युक्ती. गिटार घेऊन गाणाऱ्या जोड्या जगभर हेच करतात.

जपानच्या बाबतीत या युक्तीला एक वेगळाच पदर आहे, तो कळायला थोडं मागे जावं लागेल.

मेइजी काळात, म्हणजे १९व्या शतकाच्या अखेरीस, जपानने पाश्चात्त्य पद्धतीच्या शाळा काढल्या आणि शाळेत गाणं शिकवायचं ठरवलं. प्रश्न असा की कुठलं गाणं? लोकांचे कान जपानी सुरांवर पोसलेले, आणि सरकारला हवी पाश्चात्त्य स्वरलिपी. यावर इझावा शुजी आणि अमेरिकेहून बोलावलेले ल्यूथर व्हायटिंग मेसन यांनी काम केलं, आणि १८८१ मध्ये शाळेच्या गाण्यांचं पहिलं पुस्तक निघालं. त्यात एक स्कॉटिश चाल होती, ती जपानी शब्द लेऊन ‘होतारु नो हिकारी’ झाली. (तिचं वॉल्ट्झमधलं रूप आजही जपानी दुकानं बंद होताना वाजतं. ते लागलं की गिऱ्हाइकाने समजून घ्यायचं आणि निघायचं.) ती चाल इतक्या पटकन रुजली याचं एक कारण तिचे सूर. ती पाचच सुरांत आहे.

त्या वेळी सुरांना जपानी आकड्यांची नावं दिली होती: हि, फु, मि, यो, इ, मु, ना. एक ते सात. त्यातला चौथा ‘यो’ आणि सातवा ‘ना’ काढून टाकायचे, ‘नुकी’ म्हणजे वगळलेलं. म्हणून या स्वरसमूहाचं नाव ‘योनानुकी’, चार-सात वगळलेला. हाच ‘यो’ चार माणसांच्या ‘योनिन’मध्ये भेटला होता. आता पेटीवर पांढरी चार आणि पांढरी सात सोडून उरलेल्या पट्ट्या वाजवा. सा रे ग प ध. म आणि नी वर्ज्य.

हो, भूप!

जाणकार रागावण्याआधी सांगून टाकतो, भूपाचे सूर वाजले म्हणजे भूप वाजला असं नाही. देशकारचेही सूर तेच आहेत आणि तरी तो वेगळा राग आहे; राग म्हणजे चलन, ठहराव, वादी-संवादी. जपानी गाण्यात यातलं काही नाही. पण सुरांची पिशवी तीच, आणि म्हणूनच ‘आकातोम्बो’ हे १९२७ मध्ये चाल लागलेलं बालगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी माणसाला ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं. योनानुकीला एक उदास भाऊही आहे: सा रे, कोमल ग, प, कोमल ध. शिवरंजनीचा धैवत उतरवला तर हाती येईल तो. जपानी ‘एन्का’ गाण्यांतली बंदरं, दारू आणि गेलेली माणसं बरीचशी याच सुरांत रडतात.

तर, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्य जपानी माणसाच्या कानात ही पाच सुरांची वाट पक्की झालेली होती. आता त्या वाटेवर हार्मनीची युक्ती लावून बघा. पहिला गायक म्हणतो सा, रे, ग, प, ध. दुसरा एक पट्टी सोडून वरून चालतो: ग, म, प, नी, सां. दिसलं का? पहिल्याने वगळलेले म आणि नी दुसऱ्याच्या तोंडून परत आले. खालून चाललात तरी तेच: ध, नी, सा, ग, म. पाच सुरांच्या घरात दुसरा आवाज नुसता सोबत म्हणून आला तरी येताना ते दोन पाहुणे घेऊनच येतो. नको असतील तर त्याला चाल सोडून उड्या माराव्या लागतात.

हे मी पेटीवर करून बघितलं तेव्हा खूप वेळ हसत होतो. माझ्या मते ‘फोक’ म्हणून, म्हणजे गिटारवर म्हणायचं साधंसं, जे गाणं साठच्या दशकात जपानी तरुणांना एकदम नवं, मोकळं, आपलं वाटलं, त्याचं अर्धं रहस्य या दोन सुरांत आहे. तोवा ए मोवाच्या चाली मुळात भूपाच्या सुरांत बांधलेल्या नाहीतच. त्या पाश्चात्त्य पॉपच्या वळणाच्या आहेत. पण ऐकणाऱ्यांच्या आई-वडिलांचे कान पाच सुरांवर पोसलेले होते. त्या घरात रेडिओवर दोन आवाज शेजारी शेजारी चालायला लागले की फरक समजायला संगीतशास्त्र लागत नव्हतं. हे काही पहिल्यांदाच घडत होतं असं नाही. ‘द पीनट्स’ या जुळ्या बहिणी १९५९ पासून असंच गात होत्या, पण त्या टीव्हीच्या झगमगाटातल्या, मागे अख्खा वाद्यवृंद. इथे एक गिटार आणि कॉलेजातली वाटावीत अशी दोन मुलं.

तो झगमगाट का नकोसा झाला होता, हे १९६९ सालाकडे बघितलं की कळतं. जानेवारीत तोक्यो विद्यापीठाच्या यासुदा सभागृहात ठाण मांडलेल्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी दोन दिवस झटून बाहेर काढलं. त्या वर्षी त्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षाच रद्द झाली. शिंजुकू स्टेशनच्या पश्चिम दारापाशी जमिनीखाली मोठा चौक आहे. तिथे त्या वर्षी शनिवारी संध्याकाळी हजारो तरुण जमायचे आणि व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात गिटारवर गाणी म्हणायचे. त्यांना ‘फोक गनिम’ म्हणत. जुलैमध्ये सरकारी यंत्रणेने यावर नामी उपाय काढला. पाटीवरचा ‘चौक’ हा शब्द काढून ‘मार्ग’ असा शब्द लिहिला. चौकात थांबता येतं, मार्गावर थांबायचं नसतं; सरकत राहा.

म्हणजे ‘फोक’ या एका शब्दाखाली तेव्हा दोन घरं होती. एक निषेधाचं, ज्याचा जोर क्योतो-ओसाकाकडे जास्त. दुसरं तोक्योच्या कॉलेजांमधलं, प्रेम, ऋतू आणि समुद्र यांत रमणारं. तोवा ए मोवा दुसऱ्या घरातले. त्यांच्यावर ‘गोडगोड’ असा शिक्का तेव्हाही बसला आणि आजही बसतो. मला तो पूर्ण चुकीचा वाटत नाही. पण या दोन घरांमध्ये दार होतं. ‘हात्सुकोइ नो हितो नि नितेइरु’ (पहिल्या प्रेमासारखी दिसते) हे त्यांचं १९७० मधलं गाणं कितायामा ओसामु यांनी लिहिलं आणि कातो काझुहिको यांनी चाल दिली. हे दोघं आधी क्योतोच्या ‘द फोक क्रुसेडर्स’मध्ये होते, म्हणजे पलीकडच्या घरातले. कितायामा त्या वेळी वैद्यकीचे विद्यार्थी होते आणि पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले. हे लक्षात ठेवा. या गोष्टीत अजून एक डॉक्टर यायचाय.

गाणी बनवायची पद्धतही याच सुमारास पालटत होती. जपानी रेकॉर्ड कंपन्यांकडे पूर्वी गीतकार आणि संगीतकार बांधलेले असत. एका कंपनीच्या पगारी माणसाने दुसऱ्या कंपनीच्या गायकाला गाणं द्यायचं नाही. साठच्या दशकात मोकळे, कुणाचेही नोकर नसलेले लेखक-संगीतकार पुढे आले. ‘एके दिवशी अचानक’ लिहिणारे यामागामी मिचिओ आणि चाल देणारे मुराई कुनिहिको हे असेच मोकळे. मुराई तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे. याच जोडगोळीचं ‘त्सुबासा ओ कुदासाइ’ (मला पंख द्या) पुढे जपानी शाळांतलं सगळ्यांना पाठ असलेलं समूहगीत झालं. मुराईंनी नंतर अल्फा ही कंपनी काढली आणि तिथून आराई युमी या गायिकेपासून यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या बँडपर्यंत मंडळी पुढे आली. जपानी पॉपचा पुढचा दशकभराचा नकाशा या माणसाच्या खिशात होता म्हणा ना.

आता समुद्राचं गाणं. ‘दारे मो इनाइ उमि’, १९७०. ‘कोणीही नसलेला समुद्र’. शब्द यामागुची योको यांचे, चाल नाइतो त्सुनेमि यांची. शरद ऋतू आलाय, किनारा ओस पडलाय, माणसं ओळख न दाखवता निघून जातात, स्वप्नं मोडतात. तरी कितीही सोसावं लागलं तरी मरणार नाही, असा शब्द मी समुद्राला दिलाय. एवढ्यावर कडवी पुढे सरकतात.

आपल्याला यात उदासी कळते, पण रिकाम्या किनाऱ्याचं एवढं काय, हे चटकन कळत नाही. जपानमध्ये समुद्रावर जाणं हा उन्हाळ्याचा ठरावीक सोहळा. जुलै-ऑगस्टपुरत्या किनाऱ्यावर ‘उमि नो इए’, म्हणजे समुद्रघरं, उभी राहतात: कपडे बदलायला जागा, नूडल्स, बर्फाचा गोळा. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन, पितरांचा सण, झाला की पाण्यात जेलीफिश वाढतात, आणि ओबोननंतर समुद्रात उतरू नये असं जुनी माणसं सांगतात. समुद्रघरं मोडून नेतात. काल जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे आज एक तुटकी चप्पलसुद्धा नसते. कोकणात बरोबर उलटं. त्याच सुमाराला नारळी पौर्णिमा येते, कोळी नारळ वाहतात आणि दोन-अडीच महिने बंद असलेला समुद्र उघडतो. त्यांचा दर्या मिटतो तेव्हा आपला जागा होतो. म्हणून या गाण्यातली ओस वाळू डोळ्यांपुढे आणायला मराठी वाचकाने भर पावसाळ्यातला हर्णै किंवा वेंगुर्ला आठवावा, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या.

हेच गाणं शांसों, म्हणजे फ्रेंच धाटणीची गाणी गाणाऱ्या नामवंत गायिका कोशिजी फुबुकी यांनीही गायलं आहे. नाइतो हे त्यांचे पती. त्यांच्या गळ्यात ते एका प्रौढ, सोसलेल्या बाईचं स्वगत होतं. ‘समुद्राला शब्द दिलाय’ हे त्या एकट्याने म्हणतात तेव्हा पटतं. तोवा ए मोवा तीच ओळ दोघं मिळून म्हणतात तेव्हा जरा चमत्कारिक होतं: कोणी नाही असं सांगणारे दोन आवाज! तर्काला ते बसत नाही. कानाला मात्र वाटतं की एकट्या माणसाच्या शेजारून कोणीतरी हळूच चालतंय. मला हीच आवृत्ती जास्त आवडते, आणि यावरून माझी सेन्सेईंशी आजवर सहमती झालेली नाही. त्या कोशिजींच्या बाजूच्या.

एकच गाणं वेगवेगळ्या कंपन्यांच्या गायकांनी एकाच सुमारास काढायचं आणि बाजारात कोणाचं चालतं ते बघायचं, ही जपानमधली एक रीत. तिला ‘क्योसाकु’ म्हणतात. तिचं मोठं उदाहरण त्यांच्या तिसऱ्या गाण्यात आहे. १९७२ च्या फेब्रुवारीत साप्पोरोला हिवाळी ऑलिम्पिक भरायचं होतं, आशियातलं पहिलंच. खरं तर साप्पोरोला १९४० चं यजमानपद मिळालं होतं, पण चीनशी युद्ध सुरू झाल्यावर जपानने १९३८ मध्ये ते सोडून दिलं. त्यामुळे शहराची ही तीस वर्षं रखडलेली हौस. या स्पर्धेचं गाणं ‘निजि तो युकि नो बाराद’, इंद्रधनुष्य आणि हिम यांचं गीत. चाल पुन्हा मुराईंची. शब्द कावामुरा बुनइचिरो यांचे, आणि हा आपला दुसरा डॉक्टर: साप्पोरो वैद्यकीय विद्यापीठात हाडांच्या शस्त्रक्रिया शिकवणारे प्राध्यापक, आणि मान्यवर कवी.

१९७१ मध्ये ते अनेकांनी रेकॉर्ड केलं. लोकांनी तोवा ए मोवाचं उचललं. गाण्यात एक शहर उभं राहतंय, सुंदर शहर, असा उल्लेख आहे. हे कविकल्पनेतलं शहर नव्हतं. साप्पोरोची लोकसंख्या नुकतीच दहा लाखांवर गेली होती, खाली जमीन खणून भुयारी रेल्वे बांधणं चाललं होतं आणि ती डिसेंबर १९७१ मध्ये, स्पर्धेच्या जेमतेम दीड महिना आधी, सुरू झाली. गाणं ऐकणाऱ्या साप्पोरोकराच्या बुटाला खरोखरचा चिखल होता. शेवटी गाणारे उत्तरेच्या आकाशात एक नाव घेऊन हाक मारतात, आणि ते नाव ‘ऑलिम्पिक’. सरकारी सोहळ्याच्या गाण्यात असं प्रेयसीला मारावी तशी हाक, हे त्या हाडांच्या डॉक्टरचंच धाडस. ६ फेब्रुवारीला ७० मीटर स्की-उडीत कासाया युकिओ, कोन्नो आकित्सुगु आणि आओचि सेइजि यांनी सोनं, रुपं आणि कांस्य तिन्ही जपानकडेच ठेवली, आणि त्या पिढीच्या मनात ते गाणं आणि ती उडी कायमची एकमेकांना चिकटली.

१९७३ मध्ये जोडी थांबली. एमिको पुढे एकट्या गात राहिल्या, आणि २००० मध्ये ‘फायनल फँटसी ९’ या व्हिडिओ गेमसाठी उएमात्सु नोबुओ यांच्या चालीवर त्यांनी गायलेलं ‘मेलडीज ऑफ लाइफ’ जगभरच्या पोरांनी ऐकलं. माझ्या भाच्याला ते तोंडपाठ आहे. ती बाई त्याच्या आजोबांच्या तरुणपणी ऑलिम्पिकचं गाणं गायली होती हे सांगितल्यावर त्याने हेडफोनचा एक कान काढून माझ्याकडे दिला. तिथे तिचा आवाज एकटाच आहे. मी सवयीने एक पट्टी सोडून खालून गुणगुणायला लागलो, तर तो म्हणाला, “मामा, बेसूर होतंय.”